कापूस विकला की सर्कस

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले. त्यातून माणसे जेमतेम सावरत असताना, १८८० साली, विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला. किआरिनी या इटालियन सर्कसमालकाचा भारतीयांना हिणवणारा शेरा त्यांना झोंबला, असे सांगतात. घोड्यांत मुरलेला हा मराठी माणूस नुसता चिडून थांबला नाही, त्याने तंबूच ठोकला.

अशा तंबूंना प्रेक्षक कधी मिळे, ते यवतमाळ जिल्ह्यासारख्या शेतीच्या मुलखात दिसते. तिथले पीक कापूस. दिवाळीनंतर तो विकला की घरात चार पैसे येत आणि पावसाची भीतीही नसे, म्हणजे तंबूवाल्यांना हवे तेच दिवस. पण १९२९ च्या जागतिक मंदीत कापसाचा भाव कोसळला. हातात रोकड नसलेला शेतकरी करमणुकीवर आधी काट मारणार, हे उघड आहे. सर्कशीला तशी काट मारता येत नसे: खेळ होवो न होवो, हत्तीला चारा आणि वाघाला मांस रोज लागे.

मंदीच्या त्या पिढीतलेच सर्कसवाले म्हणजे पुण्याचे दामू धोत्रे. वाघ-सिंहांना शिकवणारे हे गृहस्थ युरोपमार्गे १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत पोचले.

इकडे भारतात पुढे १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने सर्कशीतले वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडांचे खेळ बंद झाले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. तंबूत झोपाळे आणि विदूषक मात्र राहिले.