एका रात्रीच्या कार्यक्रमाचा मानकरी कोण? बडोद्याहून एक मत



टीव्हीवर एकाच रात्रीचा, दोन-अडीच तासांचा, निव्वळ हसवणुकीचा मराठी कार्यक्रम करायचा झाला आणि तो एकाच विनोदी नटाच्या नावावर उभा करायचा झाला, तर ते नाव कोणाचं? आमच्या बडोद्यातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर हा वाद दोन आठवडे चालला. प्रत्येकाने आपापल्या तरुणपणाचा नट पुढे केला, त्यामुळे निकाल लागेना. मला मात्र वाटतं, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांसाठी या प्रश्नाचं उत्तर जरा वेगळं आहे. त्यामागे इतिहास आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. 'गजरा'सारखा कार्यक्रम मुंबई-पुण्याच्या घरांत पोहोचला, त्यातून कितीतरी विनोदी कलाकार लोकांना माहीत झाले. आपल्याकडे काय? मुंबईचं प्रक्षेपण बडोद्यापर्यंत येत नसे. गुजरातेत 1975 साली खेडा जिल्ह्यातल्या पिज गावाहून टीव्ही सुरू झाला, तो अर्थातच गुजरातीत. 1982 साली राष्ट्रीय कार्यक्रम आला, तो हिंदीत. 1999 साली अल्फा मराठी सुरू झाली आणि केबलवाल्याने जोडून दिली, तेव्हा कुठे रोजची मराठी करमणूक आमच्या बैठकीच्या खोलीत आली. मधली 27 वर्षं दादरचे पाहुणे यायचे नि 'काल टीव्हीवर काय धमाल होती' म्हणून सांगायचे. आम्ही ऐकून हसायचो. इंदूर-ग्वाल्हेर-हैदराबादच्या मंडळींचा अनुभव फार वेगळा नसावा.

या काळात आपला विनोद आला तो दौऱ्यावरच्या नाटकांतून, दिवाळी अंकांतून आणि कॅसेटींमधून. म्हणून आमच्या कट्ट्यावर पहिलं नाव निघालं ते पु. ल. देशपांडे यांचं. 1961 साली त्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. एक माणूस, अख्खी चाळ! बेळगावकरांचा तर त्यांच्यावर हक्कच. 'गणगोत'मधले रावसाहेब बेळगावचे, आणि त्यांच्या तोंडची कानडी वळणाची मराठी पुलंनी जशीच्या तशी उचलली. सीमाभागातली बोली ऐकून पुण्यामुंबईची माणसं प्रेमाने हसली, ही काही लहान गोष्ट नाही.

दुसरं नाव आलं प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं. ते औरंगाबादचे, म्हणजे जुन्या निजामी मुलखातले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा त्यांचा एकपात्री प्रयोग, त्यात 52 व्यक्तिरेखा, त्यासाठी गिनेस बुकात नोंद. एका रात्रीच्या कार्यक्रमाला याहून योग्य माणूस मिळाला नसता. पण पुलंही गेले आणि देशपांडे सरही.

दादा कोंडके यांचं नाव काढल्याबरोबर एक आजी उठून चहा आणायला गेल्या. ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी करणारा माणूस, त्याची ताकद कोण नाकारेल? पण सुनेसमोर, नातीसमोर बसून बघायचं तर पंचाईत. अशोक सराफ यांच्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की त्यांची खरी मजा समोरच्या नटाशी चेंडू टोलवण्यात आहे. आताची तरुण मुलं 'चला हवा येऊ द्या' आणि 'हास्यजत्रा' यांतली नावं घेतात. तीही गुणी माणसं आहेत, पण त्यांचा विनोद पुष्कळदा चालू मालिका आणि सिनेमांवर बेतलेला असतो. ज्या घरात मालिकाच बघत नाहीत, तिथे तो अर्धा हवेत जातो.

माझं नाव दिलीप प्रभावळकर. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी आपल्या बडोद्यात यावं लागेल.

चिंतामण विनायक जोशी, म्हणजे चि. वि. जोशी, जन्म 1892, मृत्यू 1963. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक. ते मूळ पुण्याचे, पण त्यांची नोकरी झाली बडोद्यात. बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे. शिवाय संस्थानचं दफ्तर सांभाळायचे. दिवसा बौद्ध ग्रंथ नि सरकारी कागद, आणि उरलेल्या वेळात चिमणराव, त्याची बायको काऊ, आणि मोरू, मैना, राघू ही पोरं! चिमणराव राहतो पुण्यात, पण त्याचा कर्ता पुण्यापासून लांब सयाजीरावांच्या राजधानीत बसून लिहीत होता. मला नेहमी वाटतं, मध्यमवर्गाची ती फजिती इतकी स्वच्छ दिसायला थोडं अंतर उपयोगी पडलं असणार. घरापासून लांब राहिलेल्याला घरच्या सवयी जास्त दिसतात, हे आपल्याशिवाय कोणाला कळणार?

ही जोडी 1940 साली 'लग्न पहावे करून' या बोलपटात पडद्यावर आली. मास्टर विनायक यांचं दिग्दर्शन, दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांची कामं. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनने चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका केली. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. महाराष्ट्रभर ही जोडी गाजली. आणि गंमत बघा, ज्या गावात हा चिमणराव लिहिला गेला, त्या गावाला मालिका दिसली नाही! 1979 साली त्याच नावाचा चित्रपट आला, तेव्हा कुठे आमची उत्सुकता थोडी भागली.

आता प्रभावळकरच का? एक तर ते एकटे स्टेज भरू शकतात. 'हसवाफसवी' या स्वतःच लिहिलेल्या नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या आणि दर वेळी नवा माणूस आत आल्यासारखं वाटायचं. दुसरं, त्यांच्या विनोदात कोणाला खाली पाडणं नाही, त्यामुळे आजी उठून जाणार नाहीत.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरात आई चि. वि. वाचून मोठी झाली, तिचा चिमणराव. मुलाने व्हीसीआरवर 'झपाटलेला' इतक्यांदा लावला की टेप झिजली, त्याचा तात्या विंचू. केबल आल्यावर आम्ही सगळे मिळून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' बघत होतो, त्यातले आबा मला माझे वाटले. ती मालिका प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरची. आणि नात? ती इंग्रजी शाळेत जाते, मैत्रिणींशी गुजराती बोलते, मराठी समजते पण वाचायला कंटाळते. तिला चिमणराव सांगितला तर ती 'कोण?' म्हणते. पण 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी म्हटलं की लगेच ओळखते. त्या वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. गुजरातेतल्या मुलीला मराठी नटाची ओळख हिंदी सिनेमातल्या गांधींमुळे व्हावी, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. निदान एक दार तरी उघडं आहे.

आपल्या घरांत मराठी कशी कमी होते, ते आपण सगळे बघतोय. आरत्या टिकतात, पुरणपोळी टिकते, श्राद्धाचे मंत्र भटजी म्हणतात. विनोदाचं तसं नाही. विनोद कळायला शब्दामागचा टोमणा कळावा लागतो, कोणी कोणाला 'अहो' म्हणतंय आणि कोणी मुद्दाम 'अरे', हे कानाला लागावं लागतं. आजोबा हसतात आणि नात त्यांच्या तोंडाकडे बघत राहते, तेव्हा भाषा त्या घरातून निम्मी गेलेली असते. म्हणून मला असा मानकरी हवा, ज्याच्या नावाने चारही पिढ्या एका सोफ्यावर बसतील. नात गांधींसाठी बसेल आणि उठताना एखादा चिमणराव सोबत नेईल. समजलं नाही तर विचारेल. विचारलं तर आपण सांगू. एका रात्रीत यापेक्षा जास्त काय होणार? पण एवढं झालं तरी पुष्कळ.

माझं मत संपलं. बेळगावकर रावसाहेबांवर अडून बसतील, हैदराबादकर देशपांडे सरांवर, हे गृहीत धरतो. इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांनी तुमच्या गावाने मराठीला दिलेला विनोदी माणूस कोण, ते खाली जरूर लिहा. आणि लिहिण्याआधी एकदा घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला विचारा, की त्याला यातला कोण माहीत आहे.