मागच्या बाकावरचे सर

शाळेत माझ्याबरोबर गणित शिकवणारे एक सर होते. नाव सांगत नाही, त्यांच्या घरच्यांना आवडणार नाही. तीस वर्षं ते दर रविवारी चर्चला जायचे आणि अगदी मागच्या बाकावर बसायचे. नवा करार त्यांना जवळजवळ पाठ होता. प्रभुभोजनाची भाकर जवळ आली, की मात्र न घेता ती शेजाऱ्याकडे सरकवायचे, कारण बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. "आई आहे तोवर नाही," म्हणायचे. आई ९४ वर्षं जगली. तिच्यामागे सहा महिन्यांत सरही गेले.

एकदा स्टाफरूममध्ये मी त्यांना म्हणालो होतो, "सर, काठावर बसून पोहता येत नाही!" सगळे हसले, तेही हसले. ते वाक्य अजून टोचतं, म्हणून हे लिहितोय.

बाप्तिस्म्यावाचून तारण आहे का? प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो, की पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याखेरीज देवाच्या राज्यात प्रवेश नाही. लूकच्या शुभवर्तमानात मात्र तोच येशू शेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन देतो. तिथं पाण्याचं नावही नाही.

इ.स. ३९२ मध्ये रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्मा व्हायच्या आधीच वारला. मिलानचे बिशप अँब्रोझ यांच्याकडून तो घ्यावा, अशी त्याची इच्छा होती. अंत्यविधीच्या भाषणात अँब्रोझनी त्याच्या बहिणींना धीर दिला, की ज्यानं मागितलं होतं त्याला ते मिळालंच. पुढे कॅथलिक चर्चनं 'इच्छेचा बाप्तिस्मा' मान्य केला. बाप्टिस्ट मंडळींचं म्हणणं वेगळं. तारण विश्वासानं, बाप्तिस्मा ही त्या विश्वासाची जाहीर कबुली.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक धार होती. बायबल वाचा, ख्रिस्ताची स्तुती करा, घरचे एकवेळ सोसतील. पण बाप्तिस्मा झाला, की जात गेली, पंगत गेली, घर गेलं. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानं धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला खरा, पण आईच्या पानाशेजारचा पाट कायद्यानं कसा मिळणार?

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला तो काही वर्षांनी. म्हणजे पाणी आधी, तारण मागाहून.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. 'स्मृतिचित्रे'मधली ती पानं वाचताना आजही घसा दाटून येतो. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. आणि याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी कधी निरर्थक मानला नाही. पण ज्यानं त्या पाण्याची पुरेपूर किंमत मोजली, त्यानंच दुसऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं! १९१९ साली ते गेले आणि दरबाराचं काम अर्धंच राहिलं.

हे मी निवृत्त झाल्यावर वाचलं. सर असते तर धावत जाऊन सांगितलं असतं. घरच्यांनी त्यांना रीतीप्रमाणे अग्नी दिला. पाळकसाहेब जरा लांब उभे राहून, डोळे मिटून प्रार्थना करत होते. मी दोघांच्या मधे उभा होतो.

मी ख्रिस्ती नाही. तारणाचा निकाल देणारा मी कोण? पण आता इतकं कळतं, की काठावर बसलेला माणूस पाण्याला भ्यायलेला असतोच असं नाही. कधीकधी त्याच्या मांडीवर आईचं डोकं असतं.

असो. सर, तेवढं एक वाक्य मी परत घेतो.