जागे आहात ना?

गोंदियाहून सातपुडा चढून नैनपूर-जबलपूरला जाणारा नॅरोगेज मार्ग १९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्या वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर एकटा नसे. शेजारी फायरमन कोळसा टाकत असे. एकाला डुलकी लागली, तर दुसरा हाक मारू शके. झोप ओळखणारे पहिले साधन म्हणजे शेजारचा माणूस!

विजेच्या गाड्यांत कोळसा नाही, म्हणून फायरमनही नाही. एकट्या चालकासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘डेडमॅन्स हँडल’ वापरात आले. मुंबईच्या लोकल गाड्यांतील मोटरमनच्या परिचयाचे हेच हँडल. ते दाबून धरावे लागते. हात सुटला की वीजपुरवठा तुटतो व ब्रेक लागतात. यामागचा तर्क असा, की झोपलेल्या किंवा बेशुद्ध माणसाचे स्नायू सैल पडतात.

परंतु सैल पडलेल्या शरीरालाही वजन असतेच. ३१ जानेवारी २००३ रोजी ऑस्ट्रेलियात वॉटरफॉलजवळ एका चालकाला हृदयविकाराचा झटका आला. तेथे हँडलच्या जोडीला पायाचे पेडल होते. ते त्याच्या निश्चल पायांच्या भारानेच दबून राहिले. गाडी वेगात वळणावर घसरली आणि चालकासह सात जण दगावले. पेडलला भार कळत होता, जाग कळत नव्हती.

भारतीय रेल्वेच्या इंजिनांतील दक्षता-यंत्र म्हणूनच नुसता दाब पाहत नाही, कृती मागते. साधारण मिनिटभरात चालकाने काहीच केले नाही, तर आधी दिवा, मग भोंगा आणि शेवटी ब्रेक. गोंदियावरून हावडा-मुंबई मार्गाने रात्री जाणाऱ्या मालगाड्यांच्या चालकांना याची सवय असते. अडचण त्या सवयीचीच आहे. तेच बटण शेकडो वेळा दाबले, की हात अर्धवट झोपेतही ते दाबू शकतो.

लक्ष असे का ढळते? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दोन तास एका फिरत्या काट्याकडे पाहायला लावले. मधूनच काटा दुप्पट उडी घेई, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या. काम एकसुरी असले, की जागा माणूसही चुकतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील संशोधक डोळ्यांकडे वळले. पापण्या बहुतांश मिटलेल्या असण्याचा काळ एकूण वेळेच्या किती टक्के, हे कॅमेऱ्याने मोजता येते. बटण सवयीने दाबले जाते. जड झालेल्या पापण्या सवयीने उघड्या राहत नाहीत. देवरी-कोहमारामार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील ट्रकचालकालाही ही पद्धत लागू पडते. मात्र पापण्या मिटू लागतात, तेव्हा झोप आलेलीच असते. यंत्र इशारा देईल, विश्रांती देणार नाही.

विद्यार्थ्यांना विचारून पाहावे: झोपलेल्याला जमणारच नाही, अशी कोणती कृती यंत्राने मागावी? प्रत्येक उत्तरावर पुढचा प्रश्न ठेवावा: सवय झाल्यावरही ती जमणार नाही का?