पात्यांचा कोन आणि डावी खुर्ची

नांदेडहून विमान उठलं की आजही आपण हातातलं काम थांबवून वर बघतो. नांदेडची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९५८ साली बांधली, लातूरची १९९१ साली. पण आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाच्या हैदराबादेत विमानाची एक गोष्ट घडली आणि ती एका बाईची आहे. ती सांगण्याआधी विमानाच्या पंख्याबद्दल थोडं बोलते, कारण गोष्टीचं मर्म तिथंच आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रकाठचं चिखलाचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून पुढं त्या दिवसांत पुण्याला येरवड्याला उतरावं लागे. टाटांचं विमान होतं ‘पस मॉथ’, लहानसं, एका इंजिनाचं. त्याच्या पंख्याची पाती आपल्या छताच्या पंख्यासारखी एकाच कोनात पक्की बसवलेली होती.

यात अडचण काय? माहूरचा घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो आणि सपाट रस्त्यावर वरचा. एकाच गिअरवर दोन्ही कामं नीट होत नाहीत. पंख्याचंही तसंच आहे. विमान उठताना पाती थोडीच तिरकी हवीत. मग इंजिन जोरात फिरतं आणि ओढ मिळते. वर गेल्यावर पाती जास्त तिरकी हवीत. मग इंजिन सावकाश फिरूनही विमान वेगात जातं. पाती पक्की असली की दोन्हीकडं तडजोड.

अमेरिकेत १९३३ साली बोइंगचं नवं विमान शायेन नावाच्या उंचावरच्या गावाहून उठताना दमू लागलं. उंचावर हवा विरळ, त्यामुळे धावपट्टी पुरेना. तेव्हा फ्रँक काल्डवेल या इंजिनिअरनं तयार केलेला, उडता उडता पात्यांचा कोन बदलणारा पंखा त्याला बसवला आणि विमान तिथून उठू लागलं. आपल्याकडं मे महिन्याच्या उन्हातही हवा तशीच विरळ होते, म्हणून उन्हाळ्यात विमानाला धावायला जास्त जागा लागते.

आखूड धावपट्टीवर उतरताना तर हा कोन फारच महत्त्वाचा. वैमानिक वेग नेमका ठेवतो, पंखांमागच्या झडपा खाली सोडतो आणि पंख्याचा दांडा पुढं सारून पाती कमी तिरकी करतो. इंजिनाचा जोर काढून घेतला की तीच पाती हवेला अडतात आणि विमान मंदावतं. समोर अचानक गुरं आली, किंवा उरलेली धावपट्टी पुरणार नाही असं दिसलं, तर लगेच जोर देऊन पुन्हा वर जाता येतं. दांडा मागंच राहिला तर वरच्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखं इंजिन ऐन वेळी कण्हतं. म्हणून हा दांडा जमीन जवळ येण्याआधीच पुढं जायला हवा.

आता गोष्ट. प्रेम माथूर यांनी १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. काम मागायला गेल्या, तर आठ कंपन्यांनी नाही म्हटलं. बाई विमान चालवते हे कळलं तर प्रवासी घाबरतील, असं एक उत्तर होतं. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं त्यांना घेतलं. ही कंपनी निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून काढलेली. तिची विमानं डाकोटा, दोन इंजिनांची, कोन बदलणाऱ्या पंख्यांची. माथूर त्यात सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीत बसल्या. १९४९ साली त्यांनी राष्ट्रीय विमान शर्यतही जिंकली.

डाकोटात पंख्यांचे दांडे दोन्ही खुर्च्यांच्या मधोमध असतात. म्हणजे उजवीकडच्या बाईचा हातही तिथं पोचतो. पण उतरायचं की परत वर जायचं, हा निर्णय डाव्या खुर्चीतल्या कॅप्टनचा. उड्डाणाचे ठरलेले तास पूर्ण झाल्यावर माथूर यांनी ती खुर्ची मागितली. कंपनीनं दिली नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि उद्योगपती बिर्लांचं खासगी विमान चालवू लागल्या. १९५३ साली त्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या.

डाव्या खुर्चीतही बाई आणि उजव्या खुर्चीतही बाई, असं प्रवासी विमान आपल्या देशात उडालं ते नोव्हेंबर १९८५मध्ये, कोलकात्याहून सिलचरला. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. विमान होतं फोकर फ्रेंडशिप. या विमानाची चाकं जमिनीला टेकली की पाती जवळजवळ सपाट होऊन ब्रेकसारखी हवा अडवतात. ती कधी सपाट करायची, हे त्या दिवशी दोघींनीच ठरवलं.

हिशेब करा. पात्यांचा कोन बदलायची युक्ती १९३३ला कामाला लागली. आपल्या देशात प्रवासी विमानाच्या दोन्ही खुर्च्यांत बायाच बसायला आणखी बावन्न वर्षं गेली.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपल्या ग्रामपंचायती आठवल्या. बाई सरपंच होते, खुर्चीतही बसते. पण बोलतो दुसराच, आणि सही कुठं करायची हेही तोच दाखवतो. ती उजवी खुर्चीच झाली की नाही? पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा दांडा कुणाच्या हातात आहे, तेवढं बघून या. आणि आपल्यातली कुणी तो हातात घेत असेल, तर तिच्या शेजारी बसा.