हॉटेलातलं परदेशी जेवण ‘ऑथेंटिक’ आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

मुळशी तालुक्यात लवासामधलं दासवे हे इटलीतल्या पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर उभारलं गेलं. रंगीत इमारती, समोर पाणी. फक्त हे पाणी समुद्राचं नाही, वरसगाव धरणाचं आहे. याच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क येतं. अशा भागातल्या हॉटेलांच्या मेनूकार्डवर पिझ्झा, रामेन, किमची आता नवे राहिलेले नाहीत आणि रिव्ह्यूमध्ये ‘चव चांगली, पण ऑथेंटिक नाही’ हा शेराही.

पण ऑथेंटिक म्हणजे काय? यात दोन वेगळे प्रश्न आहेत. पदार्थ त्याच्या मूळ देशात बनतो तसा बनलाय का, हा पहिला. आणि मेनूवर लिहिलंय तेच ताटात आलंय का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, पण चिकन मंचुरियन जन्मलं मुंबईत. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेऊन गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, अशी त्याची कथा सांगितली जाते. म्हणजे चिनी म्हणून ते अस्सल नाही, पण मुंबईचं म्हणून आहेच की.

रोमच्या कार्बोनारा पास्त्यात क्रीम नसतं. अंड्याचा बलक, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि मिरी, बस्स. त्यामुळे ‘व्हेज कार्बोनारा’ हे रूपांतरच. मात्र हा कडक नियमही फार जुना नाही. १९५४ मध्ये एका इटालियन मासिकात छापलेल्या कृतीत लसूण आणि ग्रुयेर हे स्विस चीज होतं!

नेपल्सच्या पिझ्झाला मात्र लेखी नियम आहेत. तिथली संघटना १९८४ पासून जगभरातल्या पिझ्झेरियांना प्रमाणपत्र देते. हा पिझ्झा प्रचंड तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजतात. तो मध्ये मऊ, ओलसर असतो आणि कडेला काळे डाग पडतात. आपल्याकडे नेमका हाच पिझ्झा ‘कच्चा आणि करपलेला’ म्हणून परत जाऊ शकतो.

मग पारख कशी करायची? साधा पदार्थ मागवा. खानावळीची परीक्षा जशी आमटी-भातावर होते, तशी इटालियन हॉटेलची मार्गेरिटावर. मोजक्या जिन्नसांत काही लपवता येत नाही. एकाच मेनूत थाई, मेक्सिकन, इटालियन आणि पंजाबी असेल, तर अपेक्षा बेताची ठेवलेली बरी. रांजणगाव, तळेगाव पट्ट्यात कोरियन कंपन्या आहेत. घरच्या चवीसाठी तिथले कोरियन कर्मचारी एखाद्या हॉटेलात पुन्हा पुन्हा जात असतील, तर ती खूण चांगली, पण खात्री नव्हे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण तो चवीचा नसून पैशांचा आणि विश्वासाचा आहे. दुधातल्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरलेला पदार्थ भारतीय नियमांनुसार ‘चीज’ नावाने विकता येत नाही, तो ‘अॅनालॉग’ ठरतो. पिझ्झ्यावर वितळल्यावर दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीने कळत नाही. तेव्हा थेट विचारा: चीज कोणतं वापरता? पाकीट दाखवाल का?

सुशीसोबतचा हिरवा वसाबी बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांचं मिश्रण असतो. खुद्द जपानमध्येही हे सर्रास चालतं, कारण खरा वसाबी महाग पडतो. शाकाहारी लोकांनी किमचीबद्दल आवर्जून विचारावं. पारंपरिक किमचीत मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. मूळ पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. इथे पदार्थ जितका ‘अस्सल’, तितकी शाकाहारी माणसाची पंचाईत.

फसवणुकीचा संशय आला, तर बिल जपून ठेवा. जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो क्रमांक देऊन राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार करता येते.