दारातून परत पाठवलेल्यांची मोजदाद

मागच्या महिन्यात बडोद्याहून एका गृहस्थांचा फोन आला. ही व्याख्यानमाला ते पहिल्यापासून ऐकतात. म्हणाले, "कर्नलसाहेब, लेकीला अमेरिकेतल्या दोन खासगी विद्यापीठांनी घेतलंय. एकात शंभर अर्जांतले सहा घेतात, दुसऱ्यात चाळीस. सहावाल्याची फी इतकी आहे की राहतं घर तारण ठेवावं लागेल. पण सहा टक्के म्हणजे सहा टक्के, नाही का?"

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. मात्र नोकरीतली अडीच वर्षं मी लष्कराच्या एका निवड मंडळावर काढली आहेत, त्यामुळे निवड कशी होते हे टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलंय. तिथं पाच दिवस मुलांना पारखतात. शेवटच्या दिवशी मानसतज्ज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावर चाचण्या घेणारा अधिकारी एकत्र बसतात. प्रत्येक मुलापुढे प्रश्न एकच असतो: हा अधिकारी म्हणून चालेल का? जागा किती आहेत, हा विषय त्या खोलीत निघत नाही. तो पुढे, गुणवत्ता यादी लागते तेव्हा येतो. एखादी अख्खी तुकडी परत गेलेली मी पाहिली आहे आणि एखादीतून सात जण निघालेलेही पाहिलेत. सगळे परत गेले त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणी मिशा पिळल्या नाहीत. उलट वाईटच वाटलं.

"हा चालेल का" आणि "कुणाला बाहेर ठेवायचं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेतल्या नामवंत खासगी विद्यापीठांच्या इतिहासात पहिल्याची जागा दुसऱ्यानं कधी घेतली, ते साल सांगता येतं.

हार्वर्ड 1636 मध्ये स्थापन झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथली पद्धत सरळ होती. ठरलेल्या विषयांची परीक्षा द्या, पास झालात की या. श्रीमंत घरांतली बरीच मुलं रडतखडत पास व्हायची, एखाद्या विषयात राहिली तरी अट घालून घेतली जायची. ही पद्धत फार न्यायाची होती असं मी म्हणणार नाही, कारण लॅटिन शिकवणाऱ्या शाळा गरिबाच्या वाट्याला येत नव्हत्या. पण दारावर उंबरठा होता, आकडा नव्हता.

मग पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुलं त्याच परीक्षा देऊन, चांगल्या गुणांनी आत येऊ लागली. 1900 च्या आसपास हार्वर्डमध्ये ती सातेक टक्के होती, 1922 पर्यंत वीस टक्क्यांच्या वर गेली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात त्याहून कितीतरी जास्त होती. जुन्या घराण्यांच्या पोटात गोळा आला. आपली मुलं दुसरीकडे जातील, देणग्या आटतील ही भीती. परीक्षा अवघड करून उपयोग नव्हता, कारण अवघड परीक्षेत हीच मुलं पुढे असायची.

कोलंबियाशी आपलं जवळचं नातं आहे. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर तिथं पोहोचले. 1915 मध्ये एम. ए. झाले आणि मे 1916 मध्ये एका चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा निबंध त्यांनी वाचला. जन्मानं दारं बंद होतात म्हणजे काय हे ज्याला कातडीपर्यंत माहीत होतं, त्याला या विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गांनी जन्म न विचारता शिकवलं. ते तिथून गेले आणि तीन वर्षांनी, 1919 मध्ये, त्याच विद्यापीठाच्या पदवी कॉलेजानं प्रवेशाचा नवा अर्ज काढला. त्यात धर्म विचारला होता, वडिलांचं नाव आणि जन्मस्थान विचारलं होतं, सोबत फोटो मागितला होता. अध्यक्ष तेच होते, निकोलस मरे बटलर. दोन-तीन वर्षांतच ज्यू मुलांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर फेरी मारून आलो. वडिलांचं नाव कुठलं, गाव कुठलं, आडनाव बदललंय का, हे प्रश्न कशासाठी विचारतात हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आडनाव बदलण्याचा प्रश्नही तिथं खरोखर होता. 1922 मध्ये हार्वर्डच्या अर्जात विचारलं जाऊ लागलं की जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झालाय का.

हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी तर 1922 मध्ये ज्यू विद्यार्थ्यांवर पंधरा टक्क्यांची मर्यादा घालावी असं उघडपणे सुचवलं. ओरड झाली, समिती नेमली गेली, समितीनं उघड मर्यादा नाकारली. समिती नेमली की प्रश्न मिटतो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं सरकारी नोकरी केलेली नाही. 1926 मध्ये हार्वर्डनं ठरवलं की पहिल्या वर्षाला फक्त 1000 मुलं घ्यायची आणि निवडताना अभ्यासाबरोबर 'चारित्र्य' पाहायचं. मर्यादा ज्यूंवर नव्हती, एकूण संख्येवर होती. चारित्र्य कशात दिसतं ते मुलाखत घेणारा ठरवणार. लोवेलना जे हवं होतं ते त्यांना मिळालं.

आज ज्याला आपण कौतुकानं 'निवडक प्रवेश' म्हणतो, त्याची यंत्रणा अशी बनली: मर्यादित जागा, मुलाखत, शिफारसपत्रं, खेळ, नेतृत्व, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप. यातल्या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्रपणे अर्थ आहे. चारित्र्य आम्हीही पाहायचो. पण आमच्याकडे त्याची व्याख्या लिहिलेली होती, तीन जण वेगवेगळे तपासायचे आणि मुलाचे वडील कोण यावरून गुण वाढत नव्हते.

बाहेर राहिलेल्यांचं काय झालं? रिचर्ड फाइनमन यांना कोलंबियानं घेतलं नाही. ज्यूंचा कोटा भरला होता असं ते सांगत. ते एमआयटीत गेले आणि पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. लेखक आयझॅक असिमोव्ह यांना मुख्य कॉलेजऐवजी ब्रुकलिनमधल्या सेथ लो ज्युनियर कॉलेजात पाठवलं गेलं. ते कॉलेज कोलंबियानंच 1928 मध्ये काढलं होतं आणि काही वर्षांतच बंद केलं.

आता थोडं माझ्या खात्याबद्दल. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं सतराएक लाख जवानांची बुद्धिमापन चाचणी घेतली. त्या कामावर असलेल्या कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञानं 1923 मध्ये पुस्तक लिहून उत्तर युरोपी वंशाचे लोक जास्त बुद्धिमान असल्याचा निष्कर्ष काढला. 1926 मध्ये, म्हणजे हार्वर्डनं हजाराची सीमा घातली त्याच वर्षी, याच ब्रिगमनं तयार केलेली सॅट परीक्षा पहिल्यांदा झाली. 1930 मध्ये त्यानं स्वतःचा वंशाबद्दलचा निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला. इतकी सरळ माघार घेणारा विद्वान विरळा. परीक्षा मात्र राहिली. पुढे हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी तिचा उपयोग दूरच्या गावांतली हुशार मुलं शोधून त्यांना शिष्यवृत्ती देण्यासाठी केला. हत्यार तेच, हात बदलला.

पण कोनंटही एका ठिकाणी चुकले, आणि ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. जून 1944 मध्ये रूझवेल्ट यांनी युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला, त्यात कॉलेजची फी सरकार भरणार होतं. कोनंट आणि शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स दोघांनाही काळजी वाटली की पात्रता नसलेले लोंढे येतील, दर्जा बुडेल. लोंढे आलेच. 1947 मध्ये अमेरिकी कॉलेजांतले जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते, बायका-मुलांसह तात्पुरत्या खोल्यांत राहणारे. (दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांना याचा फायदा फारसा मिळू दिला गेला नाही, हेही सांगितलं पाहिजे.) आणि झालं काय? हे लोक वर्गात पहिल्या बाकावर बसले, परीक्षेत तरुण पोरांना मागे टाकलं. हे आपण पाहिलेल्या सर्वांत प्रौढ आणि होतकरू विद्यार्थ्यांपैकी आहेत, असं कोनंटनी नंतर मोकळेपणानं मान्य केलं. दार सताड उघडल्यानं दर्जा वाढला होता.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड तीन अर्जदारांतल्या साधारण दोघांना घेत होतं. 2021 मध्ये 57 हजारांहून जास्त अर्ज आले आणि दोन हजारांहून कमी मुलांना प्रवेश मिळाला, साडेतीन टक्क्यांच्या आत. या काळात विद्यापीठ वीसपट चांगलं झालं का? जागा म्हणाल तर 1926 च्या हजाराच्या दुप्पटही झालेल्या नाहीत. अर्ज वाढले. एकच अर्ज अनेक विद्यापीठांना एका बटणावर जाऊ लागला, जगभरातून मुलं अर्ज करू लागली आणि महामारीत सॅटची सक्ती गेल्यावर 'बघू तरी' म्हणणाऱ्यांची भर पडली.

त्यात 1983 मध्ये यू. एस. न्यूज या साप्ताहिकानं विद्यापीठांची क्रमवारी छापायला सुरुवात केली. पहिली यादी तर निव्वळ विद्यापीठांच्या अध्यक्षांना विचारून केली होती. म्हणजे दबदबा मोजायला दबदबाच विचारला. पुढे जे आकडे त्यात आले त्यांत किती अर्ज नाकारले हाही एक होता. नाकारलेल्यांचे गुण मिळणार म्हटल्यावर काय होणार? ज्यांना घ्यायचं नाही अशांनाही माहितीपत्रकं जाऊ लागली. 2018 मध्ये यू. एस. न्यूजनंच हा निकष काढून टाकला. पालकांच्या डोक्यातून मात्र तो गेलेला नाही. 2022 मध्ये कोलंबियाच्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकानं आपल्या विद्यापीठानं दिलेले आकडे तपासले. वर्गातली विद्यार्थिसंख्या, प्राध्यापकांच्या पदव्या, काहीच जुळेना. विद्यापीठाला चूक कबूल करावी लागली आणि दुसऱ्या क्रमांकावरून ते अठराव्यावर आलं. त्या वर्षात ना इमारती पडल्या होत्या, ना शिक्षक बदलले होते.

शिकागोचं उदाहरण तर त्या गृहस्थांना मी दोनदा सांगितलं. 2 डिसेंबर 1942 ला जगातली पहिली नियंत्रित अणुविखंडनाची साखळी तिथं एन्रिको फर्मींनी खेळाच्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली सुरू केली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर 1937 पासून अखेरपर्यंत तिथंच शिकवत होते, 1983 चं नोबेल त्यांना तिथं असताना मिळालं. आणि 1990 च्या दशकातही हे विद्यापीठ अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना घेत होतं! अभ्यासाचा कस इतका की ज्याला झेपणार नाही तो अर्जच करत नसे. 2008 च्या सुमारास सामाईक अर्जाची पद्धत स्वीकारल्यावर अर्ज भराभर वाढले आणि काही वर्षांत प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं. आपल्याकडे पिलानीला 2005 मध्ये बिटसॅट सुरू होण्याआधी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे. तेव्हाच्या पिलानीला कुणी कमी लेखल्याचं मला आठवत नाही.

मग नावाचा उपयोगच नाही का? आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर यांनी 2002 मध्ये दाखवलं की सारख्याच कुवतीची, सारख्याच ठिकाणी अर्ज केलेली मुलं कमी निवडक कॉलेजात गेली तरी पुढे साधारण तेवढंच कमावतात. पण गरीब घरांतल्या मुलांना निवडक कॉलेजचा फायदा झालेला त्यांना दिसला. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये मांडलं की सरासरी कमाईत फरक थोडा, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता या मोजक्या विद्यापीठांमुळे बरीच वाढते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. सॅटचे गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना तिथं जागा मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त होती. कारणं पाहा: माजी विद्यार्थ्यांची मुलं, खेळाडूंच्या जागा आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांसाठी दिलेले गुण. 1926 मधलं 'चारित्र्य' अजून नोकरीवर आहे.

गृहस्थांना मी एवढंच म्हणालो की सहा आणि चाळीस हे आकडे बाजूला ठेवा, कारण ते तुमच्या मुलीबद्दल काही सांगत नाहीत, परत गेलेल्या मुलांबद्दल सांगतात. मुलीलाच दोन्हीकडे लिहायला सांगा. पहिल्या वर्षी तिचे विषय प्राध्यापक शिकवणार की संशोधन करणारी मोठी मुलं? एका वर्गात किती जण? दाखल झालेल्या शंभरातले किती चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात? मधे सोडून गेलेले कुठे गेले? आणि दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती कमी केली जाते का? हा शेवटचा प्रश्न घर तारण ठेवण्याआधी विचारायचा, नंतर नाही.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. चाळीस टक्केवाल्यांकडून तिच्या विषयाच्या विभागप्रमुख बाईंचं दीड पानी पत्र दोन दिवसांत आलं, पाचही प्रश्नांना उत्तरं देऊन. सहावाल्यांनी एक सुंदर छापलेली पुस्तिका पाठवली. तिच्या पहिल्याच पानावर यंदा किती अर्ज नाकारले तो आकडा आहे.

"मग काय ठरलं?" मी विचारलं.

"अजून काही नाही," ते म्हणाले. "तिची आई म्हणते पुस्तिका फार छान आहे."