बहुमार्गी तबकडी-संचय

संगणक व चुंबकीय तबकड्यांचा संच यांच्यामध्ये एकाहून अधिक मार्ग ठेवून, त्यांपैकी एक निकामी झाला तरी माहितीची देवघेव चालू ठेवण्याची योजना. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक यंत्रणेबरोबर सुमारे ५० लक्ष अक्षरे साठविणारा तबकडी-संचय बाजारात आणला. पुढे बँका व विमान कंपन्या यांचे व्यवहार अशा संचयांवर विसंबू लागल्याने एका केबलीच्या बिघाडाने कामकाज ठप्प होणे परवडेनासे झाले.

सिस्टिम/३७० च्या मूळ रचनेत काम ज्या चॅनेलवर सुरू होई, त्याच चॅनेलवरून ते पुरे करावे लागे. तो व्यग्र असल्यास तबकडीचा एक फेरा वाया जाई. १९८१ मध्ये जाहीर झालेल्या ३७०–एक्सए रचनेत मार्गाची निवड चॅनेल-उपप्रणालीकडे आली. एका उपकरणास ८ पर्यंत मार्ग देता येऊ लागले व कोणत्याही मोकळ्या मार्गाने पुनर्जोडणी शक्य झाली. १९९० नंतरच्या दशकात फायबर चॅनेल जाळ्यांमुळे ही कल्पना लहान संगणकांपर्यंत पोहोचली.

भार पाळीपाळीने किंवा प्रलंबित मागण्या पाहून वाटतात. मात्र काही संचांत प्रत्येक खंड एका वेळी एकाच नियंत्रकाच्या ताब्यात असतो. तेथे मार्ग आलटूनपालटून वापरल्यास ताबा वारंवार बदलून गती मंदावते. म्हणून एक मार्ग प्रमुख व दुसरा राखीव ठरवितात आणि खंडच दोन्ही नियंत्रकांत विभागतात. दोन्ही मार्ग निम्म्याहून अधिक भारलेले असल्यास, एक बंद पडताच उरलेल्यास सर्व भार पेलत नाही. दोन्ही एकाच स्विचमधून जात असल्यास दुसरा मार्ग नावापुरताच राहतो.